फिरवलेला प्याला

प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी मनुका उकळायला ठेवल्या की घरभर गोडसर आंबूस वास पसरतो, आणि बरकतपुऱ्याच्या आमच्या चर्चमधला तो रविवार पुन्हा समोर येतो.

आता प्रत्येकाला वेगळी छोटी पेली मिळते. तेव्हा सगळ्यांना एकच प्याला असायचा. वेदीसमोर माझ्या शेजारी सुदानहून शिकायला आलेला योहान गुडघे टेकून होता. तो प्यायला, पाळकांनी प्याल्याची कड पुसली आणि तो माझ्यापुढे धरला. मी प्याला हळूच फिरवला आणि त्याच्या काळ्याभोर ओठांची जागा टाळून घोट घेतला. इतकी वर्षं मी कुणाकुणाच्या मागून प्याले होते, पण प्याला कधी फिरवला नव्हता. माझे कान तापले. त्यानं पाहिलं असेल का?

पुढच्या महिन्यात तो पुन्हा शेजारी आला. पाळक एकेकाला प्याला देत जवळ येत होते. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "आंटी, पहले आप," आणि उठून माझ्या पलीकडे जाऊन बसला.

माझ्या आजोबांना गावात पाणी वरून ओंजळीत ओतत. सगळ्यांच्या ओठांना लागलेला प्याला त्यांना पहिल्यांदा चर्चमध्ये मिळाला, म्हणून ते ख्रिस्ती झाले. संडे स्कूलच्या मुलांना ही गोष्ट मीच दरवर्षी सांगायचे.

त्या क्षणी ती आठवली. तरी "नको रे, तूच आधी घे" एवढं तोंडातून निघालं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, आणि मी आधी प्याले.