बॉल हलेपर्यंत

गेल्या शुक्रवारी सकाळी सात वाजता बहरीनच्या सीफ भागातल्या एका हॉटेलखाली गाडी लावून मी केतकीचा मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होतो... 'संध्याकाळी पाच, अदलिया. बाबा येतील. आज चिडलास तर खलास. मग मला फोन करू नकोस.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... केतकी इथेच एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि गेलं दीड वर्ष मला दुसरं काही सुचत नाही. तिचे बाबा पुण्याचे, बँकेत, सध्या तिच्याकडे आलेले. मी राजापूरकडचा, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला सरांशी भांडून तडक घरी आलेला, आता इथे ड्रायव्हर. माझं डोकं किती लवकर फिरतं हे माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या निम्म्या लोकांनी स्वतः अनुभवलंय.

त्या दिवशी माझ्या गाडीत होता एक रिटायर्ड अमेरिकन फुटबॉलपटू. मुलांच्या कॅम्पसाठी आलेला. लॉबीतून आला तेव्हा वाटलं, कपाटच चालत येतंय. हात मिळवला तर दोन बोटं वाकडी, मूठ पूर्ण मिटतच नव्हती त्याची.

त्याची जागा म्हणजे डिफेन्सिव्ह एंड. समोर बॉल फेकणारा क्वार्टरबॅक, त्याला सांभाळायला पहाडासारखी माणसं आणि याचं काम एकच... त्या माणसांना चुकवून, बॉल हातातून सुटायच्या आत फेकणाऱ्याला आडवा करायचा. दोन-तीन सेकंद मिळतात फक्त. मी गावाला कबड्डीत कोपरा सांभाळायचो, त्यामुळे टपून बसणं म्हणजे काय ते मला लगेच कळलं.

मी विचारत गेलो, तो सांगत गेला. पहिल्याच सीझनला त्याचं नाव झालं, पण डोकं गरम. समोरच्यांनी ते बरोबर हेरलं. क्वार्टरबॅक मुद्दाम जोरात ओरडायचा आणि हा बॉल हलायच्या आधीच उसळायचा. असं झालं की समोरच्या टीमला पाच यार्ड पुढे सरकायला फुकट.

एका मोठ्या मॅचच्या अगदी शेवटी त्याने नेमकं तेच केलं. टीम हरली. नंतर कोचने अख्खा उन्हाळा त्याच्याकडून कानात कापसाचे बोळे घालून सराव करून घेतला... ऐकायचं नाही, फक्त बॉलकडे बघायचं.

त्यानंतर दहाच्या वर सीझन तो खेळला. त्याच्यासाठी समोरच्या टीम दोन-दोन माणसं लावायच्या. दिवसभर जीव खाऊन धावायचं, दर वेळी कुणीतरी अडवतंच, आणि एकदाच हात लागतो... त्या एकदासाठी पुन्हा खाली वाकायचं. हे तो इतकं साधं सांगत होता की सिग्नल हिरवा झाला तरी मीच गाडी काढायला विसरलो.

ग्राउंडवर मुलांना दाखवायला त्याने मलाच उभं केलं. बॉल हातात धरून तो ओरडला, मी सुटलो. बॉल जागेवरच. पुन्हा ओरडला, पुन्हा सुटलो. चार वेळा. पोरं हसून लोळायची बाकी होती आणि माझे कान तापायला लागले.

तो शांतपणे म्हणाला, "तू माझं ओरडणं ऐकतोयस. ओरडायला मला काहीच लागत नाही. बॉल बघ."

मग बॉल माझ्याकडे दिला आणि स्वतः एक हात जमिनीला टेकवून वाकला. मी ओरडलो, शिव्या सोडून सगळं ओरडलो... पापणी हलली नाही. बॉल जरासा मागे घेतला आणि तेवढ्यात तो माझ्या बाजूला उभा होता, खांद्यावर हात ठेवून. गाडीतून उतरताना ज्याचे गुडघे कुरकुरत होते तो माणूस! पावलांचा आवाजसुद्धा आला नाही. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

संध्याकाळी अदलियाच्या कॅफेत केतकीने बाबांना सोडलं आणि मुद्दाम निघून गेली.

काकांनी चहा मागवला आणि सुरुवात केली. सेकंड इयरला सोडलंत म्हणे, अवघड गेलं का? बरंय, बहरीनचे रस्ते तरी पाठ झाले असतील. आमच्याकडे ड्रायव्हरलासुद्धा ग्रॅज्युएट लागतो हल्ली... प्रत्येक वाक्याला माझ्या मुठी टेबलाखाली वळत होत्या. एरवी पहिल्या वाक्यालाच मी उठलो असतो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

मग ते थांबले. चष्मा काढून पुसला. आवाज एकदम खाली आला.

"तिची आई गेल्यापासून मी तिला कुणाच्या भरवशावर सोडलेलं नाही. तू चिडलास की काय करतोस, ते मला सांग."

एवढाच एक प्रश्न विचारायला हा माणूस आला होता. बाकी सगळं नुसतं ओरडणं होतं.

मी म्हटलं, "काका, आजवर उठून निघून जायचो. कॉलेजातून तसाच गेलो. सर बरोबर होते, हे कळायला मला वर्ष लागलं. आज मात्र पहिल्यापासून इथेच बसलोय."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. हो नाही, नाही पण नाही. अजून एक चहा झाला. बाहेर ते टॅक्सीला फोन लावत होते, मी म्हटलं सोडतो ना. माझी स्वतःची गाडी जुनी आहे, लाज वाटत होती... त्यांनी मागचं दार सोडून पुढचं उघडलं आणि माझ्या शेजारी बसून बेल्ट लावला.

तो अवाढव्य माणूस परवा परत गेला. एवढ्या वर्षांची त्याची कमाई त्याने मला एका सकाळी देऊन टाकली आणि त्याला ते माहीतही नाही.

त्या संध्याकाळी गाडीत, घर जवळ आल्यावर काका म्हणाले, "एसी जरा कमी कर."

मी केला. कुणाचं ऐकायला इतकं बरं मला आजवर कधी वाटलं नव्हतं...