दाजींची बिनमानाची बैठक

दाजी तांडेल वाजवायला उभे राहिले की आधी पायातल्या वहाणा काढायचे आणि समोरच्याला विचारायचे, "काय आयकूक इलंस?" समोरचा एखाद्या अभंगाचं नाव घ्यायचा. "ता घराक जावन आयक," म्हणत दाजी डबल बेसच्या जाड तारेला बोट लावायचे. माणसापेक्षा उंच ते वाद्य घुमायला लागलं की अर्धे लोक हसायचे आणि उरलेले उठून जायचे. मी त्या मालवणकडच्या गावात शाळामास्तर, देवळात पेटी वाजवणारा. आधी मीही हसलोच.

मुंबईच्या एका हॉटेलात सामान उचलायला लागलेला हा माणूस तिथल्या गोवेकर वादकाकडून डबल बेस शिकला आणि बारा वर्षं जॅझच्या बँडमध्ये उभा राहिला. पाहुण्यांसाठी नाचाच्या चाली वाजवायच्या, पण दुपारी तालमीला ही चार-पाच मंडळी कागद मिटून ठेवत आणि ठरलेली चाल, ठरलेला ताल सोडून नुसतं एकमेकांचं ऐकत वाजवत. दाजींचा जीव त्या दुपारींत होता. दारूबंदीनंतर हॉटेलातला बँड बंद पडला, तेव्हा ते वाद्यासकट बोटीने गावी आले आणि तसंच वाजवणं इथे जमवायला निघाले.

आमच्या गावात हे जमवायचं म्हणजे कठीण काम. खालच्या वाडीत मासेमारी करणारे, वरच्या वाडीत शेतीवाले नि दुकानदार. दोघांची भजनं वेगळी, आणि नारळ आधी कोणाच्या हातात द्यायचा यावरून वर्षानुवर्षं अबोले. दाजींनी रापणीचा दाखला दिला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. "रापणीत बुवा आसता काय रे?" ते म्हणत. "जेणा दोर धरलो, तेका वाटो. वाजवणा तसाच."

दर गुरुवारी संध्याकाळी जाळी ठेवायच्या मांगरात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खोपटात, गोल बसायचं. पुढारी कोणी नाही, वाटेल त्याने सुरुवात करायची. वरच्या वाडीच्या भजनात पुढे गाणारे गोपाळबुवा वैतागायचे, "दाजी, सम खंय?" "येतली. तिची वाट बघू नकात. भानजी काय वाजवता ता आयका." भानजी खालच्या वाडीचा ढोलवाला. दोघे कडाकडा भांडायचे, पण पुढच्या गुरुवारी यायचे. एकदा बुवांचा आलाप, भानजीचा ढोल आणि दाजींची तार अशी काही एकमेकांत मिसळली की पेटीवरची माझी बोटं थांबली. मला रडू आलं. लपवलं नाही.

दाजींना ही बैठक नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर, अख्ख्या गावासमोर करायची होती. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. आदल्या दिवशी बुवा माझ्याकडे आले. "मास्तर, माझो मान खंय? नायतर मी येवचंय नाय." ते आले नाहीत तर सगळंच फसेल, म्हणून मी शाळेतल्या सवयीने कार्यक्रमाचा कागद तयार केला. प्रारंभ, गोपाळबुवा. दाजींना विचारलं नाही. किनाऱ्यावर तो कागद मोठ्याने वाचला, वर बुवांच्या हातात नारळही दिला.

भानजीने ढोल खांद्याला लावला आणि चालू लागला. त्याच्यामागे खालची वाडी.

"आता करूया सुरू," बुवा खूश होऊन म्हणाले.

दाजींनी तारेला हात लावला नाही. "मास्तर, रापणीत पयलो दोर कोणाचो?"

"कोणाचोच नाय."

"मगे ह्या काय वाचलात?"

"भांडण नको म्हणान..."

"भांडत होते ता बरा होता. भांडणारो निदान आयकता तरी." त्यांनी वाद्यावर शिडाचं कापड गुंडाळलं.

मी तीनदा भानजीकडे गेलो. त्याने चहा पाजला आणि जाळ्यात आलेल्या बांगड्यांच्या गप्पा काढल्या. बुवांना तर काही बिघडलंय हेच पटेना. पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या तसे दाजी मुंबईला परतले. मला बुवांचा राग आला, भानजीचा आला, त्या दिवशी हट्टाने न वाजवलेल्या दाजींचाही आला. स्वतःचा आला तो अजून गेलेला नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या मरणाची बातमी आली. गावाने शोकसभा घ्यायचं ठरवलं आणि दोन घेतल्या, एक वरच्या वाडीत, एक खालच्या. दाजींनी गाव एक केलं, असं भाषण दोन्हीकडे झालं. दोन्हीकडे माझ्यासाठी सर्वांत पुढची खुर्ची राखून ठेवली होती. मी दोन्हीकडे जाऊन बसलो.