उपाशी पूल

बडनेऱ्याला आगगाडी येऊन दोन-तीन हिवाळे झाले होते. त्या माघात विद्यापीठाची परीक्षा उतरलेला एक तरुण इंजिनियर अकोल्यात, आपल्या बिऱ्हाडी, तापाने वारला. त्याचा मृत्युलेख लिहिण्याचे काम आमच्या साप्ताहिकात माझ्याकडे आले.

वऱ्हाडात तेव्हा पदवीचे इंजिनियर थोडे आणि ताप पुष्कळ, त्यामुळे असे दोन लेख मी आधीच लिहिले होते. जन्म, परीक्षा, नेमणूक, मृत्यू. त्यांतला एकही तपशील खोटा ठरला नाही. मात्र ते वाचून, गेलेला माणूस कधी काळी जिवंत होता, अशी शंकाही कुणाला येत नसे. मला याचा अभिमान होता.

या इंजिनियरच्या नावावर एकच काम होते. अमरावतीचा कापूस ज्या वाटेने बडनेरा स्टेशनाकडे जाई, तिथल्या नाल्यावरचा दगडी पूल. त्याचे वडील पुण्याकडून आले होते. ते भिक्षुकी करीत. म्हणाले, "दिवाळीत घरी आला तेव्हा नीट जेवला नाही. पूल बांधून झाला, पण गाडीवान अजून नाल्यातूनच जातात, म्हणाला. त्या पुलावरून एक तरी गाडी जाताना मला बघायची आहे."

मलाही लेखाला शेवट हवा होता. आम्ही आगगाडीने बडनेऱ्याला गेलो आणि तिथून चालत नाल्यावर.

कापसाच्या बंड्या, म्हणजे तिकडच्या बैलगाड्या, पुलावरून रांगेने चालल्या होत्या. म्हाताऱ्याने कठड्यावर हात ठेवला आणि तो बघत उभा राहिला. इथे माझे काम संपले होते. तरी मी पेन्सिल काढून, साप्ताहिकातून आलो असे सांगून, एका गाडीवानाला विचारले, पूर्वी पुलावरून का जात नव्हता?

"पयले पूल भुका होता ना, भाऊ. नवा पूल मानूस मांगते. आता त्यानं आपल्या इंजिनेरसायबालेच घेतलं. पोट भरलं त्याचं."

"साफ चूक," मी म्हणालो. "ते अकोल्याला वारले. बिऱ्हाडी. तापाने."

"इथं नाई मेले?"

"नाही. मी स्वतः चौकशी केली आहे."

गाडीवानाने कासरा ओढला आणि मागे वळून ओरडला, "अबे थांबा रे! पूल उपाशीच हाये! उतरवा बंड्या नाल्यात!"

माझ्या लिखाणाचा इतका तत्काळ परिणाम कधी झाला नव्हता. आणि हे तर अजून छापलेही नव्हते. पहिलीच बंडी नाल्यातल्या काळ्या गाळात आसापर्यंत रुतली.

म्हातारा माझ्याजवळ आला. "काय सांगितलंत त्यांना?"

"खरे ते."

"आता गप्प राहा," तो म्हणाला, आणि गाडीवानाकडे गेला.

"महाराज, तुमी कोन?"

"त्या इंजिनियरचा बाप."

"मंग तुमीच सांगा. पोरगा कुठं गेला तुमचा?"

म्हाताऱ्याने पुलाकडे पाहिले. मग तो म्हणाला, "इथेच. या पुलावर."

"आन् हे अखबारवाले काय सांगून राह्यले?"

"हे तेव्हा इथे नव्हते."

हा तपशील मात्र अचूक होता. मला त्यात दुरुस्ती करता आली नाही.

गाडीवानाने म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला. मागच्या बंड्या पुन्हा वर वळल्या. रुतलेली तेवढी राहिली.

"ओ अखबारवाले, काहून उभे राह्यले? लावा खांदा. तुमीच घातली ना नाल्यात?"

मी जोडे काढून गाळात उतरलो. माझ्या ढकलण्याने चाक हलले नाही. शेवटी बोजे उतरवले, आणखी एक जोडी जुंपली, बंडी मागे ओढून वर काढली आणि बोजे पुन्हा चढवले. म्हातारा तोवर कठड्याशीच उभा होता.

ती बंडी पुलावरून बडनेऱ्याकडे गेली.