भडंग संपेपर्यंत

आमच्या फर्मचा एक नियम माझ्या मित्राने केला होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. बाजार पडला की घाबरून आलेल्या माणसाने आधी बशीभर भडंग खायचं. बशी रिकामी होईपर्यंत विकायचा विषय काढायचा नाही.

पुण्यातल्या नोकऱ्या सोडून आम्ही दोघांनी गावी परत येऊन राजारामपुरीत जिन्याखालच्या खोलीत लोकांचे पैसे गुंतवायचं काम सुरू केलं, तेव्हा घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. आमच्याकडे माणूस जमीन घेतो, सोनं घेतो, नाहीतर म्हैस घेतो; शेअर म्हटलं की लांबूनच हात जोडतो. सुरुवातीला आम्हीच एकमेकांचे गिऱ्हाईक होतो. त्याने स्वतःची सगळी शिल्लक फर्ममध्ये ठेवली, मी माझी.

पहिल्या मोठ्या पडझडीत हुपरीचे एक पैंजण बनवणारे काका सकाळच्या बसने आले आणि दारातूनच म्हणाले, "सगळं काढा. आत्ताच्या आत्ता." मित्राने बशी पुढे सरकवली. "आधी एवढं खावा, पावणं. पैसं कुठं पळून जात न्हाईत." काका हाशहुश करत खात राहिले, पाणी मागितलं, मुलीच्या लग्नाचं बोलले आणि काही न विकता परत गेले. मी आलेख काढून तयार बसलो होतो, ते कुणी पाहिलेच नाहीत.

पुढे त्याच्या बायकोला बेंगळुरूला चांगली नोकरी लागली. "दोन वर्षं, भावा. मग येतोच की," म्हणून तो गेला. मी पाटीवरचं त्याचं नाव ठेवलं, खुर्चीही ठेवली. कुणी त्या खुर्चीत बसायला गेलं की मी दुसरी पुढे करतो. लोकांना मी तुसडा वाटतो; वाटू दे. दोन वर्षं कधीच उलटली, पण त्याचे पैसे अजून आमच्याकडेच होते आणि पैसे इथे आहेत म्हणजे माणूस येणार, असं मी धरून चाललो होतो. मला त्याची फार आठवण येते. बाजार पडतो त्या दिवशी तर जास्तच.

गेल्या महिन्यात, बाजार अगदी शांत असताना, त्याचा फोन आला. "माझं सगळं विक रे. हितं घर घेतोय."

मी म्हणालो, "आधी भडंग खा, मग बोलू."

तो हसला. "हितं कुठलं मिळतंय तसलं?"

मी डबा काढला, बशी भरली आणि त्याच्या खुर्चीसमोर बसून खायला लागलो. फोन शेजारीच ठेवला होता.

"खातोयस व्हय?" त्याने विचारलं.

"तुझ्या वाटचं."

त्याने फोन ठेवला नाही. एरवी मी बकाणे भरतो. त्या दिवशी शेंगदाणे एकेक करून खाल्ले. शेवटी बशीत तळलेल्या लसणाच्या पाकळ्या उरल्या. त्या तो कधी कुणाला देत नसे. त्याही खाल्ल्या, आणि मग विकायला घेतलं.