दुसऱ्या पाळीचे ढालकिडे

घरात शिरलेल्या किड्याची माफी मागून त्याला बाहेर सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. मूळचे बेलपाड्याचे, तळोज्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले हे काका काकूंसह नवीन पनवेलच्या बैठ्या घरात राहत. मागच्या खोलीत मी भाडेकरू. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझ्या प्राणिशास्त्राच्या पदवीचं आईवडिलांच्या खालोखाल कौतुक होतं ते काकांना. ते मला ‘बीएस्सी’ म्हणूनच हाक मारत.

मागच्या अंगणात काकांचा वालाचा मांडव होता आणि काकूंची वांग्याची सात रोपं. थंडीत वालावर रस शोषणाऱ्या बारीक किडींचा मावा पडला की तो खायला ढालकिडे येत. लाल, चकचकीत, काळ्या ठिपक्यांचे, अर्ध्या वाटाण्याएवढे. अंगण पुरेनासं झालं की ते घरात शिरत. पडद्यांवर, देवघरात, टीव्हीच्या फुगीर काचेवर बातम्या सांगणाऱ्या बाईच्या नाकावर. एखादा चिरडला तर पिवळा, उग्र वासाचा डाग पडे, आणि तो नेमका काकूंच्या धुतलेल्या अभ्र्यावर. काकांचा जन्म कारखान्याच्या पाळ्यांत गेलेला, त्यामुळे त्यांनी किड्यांनाही पाळ्या लावल्या होत्या. सकाळी मांडवावर असत ती पहिली पाळी, संध्याकाळी दिव्यापाशी जमत ती दुसरी. चहाआधी ते कपात डोकावत, शर्ट दारात नेऊन हलकेच झटकत. जुन्या लग्नपत्रिकेवर एकेकाला चढवून मांडवावर नेत आणि म्हणत, “रागावू नको बाबा, घरात तुजं काम नाय.” एकदा व्याह्यांच्या टोपीवर एक बसला, तर काकांनी टोपीला हात न लावता व्याह्यांनाच मांडवापाशी नेऊन उभं केलं.

एका थंडीत तसेच ठिपकेवाले किडे वांग्यांवर दिसले. काकू ते वेचायला वाकल्या तसे काका आडवे आले. “हात नको लावू. आपलीच मानसं हायेत.”

पंधरवड्यात पानांची जाळी झाली. वांग्याचं बी काकूंच्या माहेरचं होतं. माहेरच्या शेतावर आता इमारती उभ्या होत्या. ही रोपं गेली की वाणच संपणार होता. काकू बाजारात जाऊन औषधाची बाटली घेऊन आल्या.

“बीएस्सी, तू सांग हिला,” काका म्हणाले.

मी एक किडा तळहातावर घेतला. पाठीला चकाकी नव्हती, बारीक लव होती. हा ढालकिड्याचाच भाऊबंद, पण पानं खाणारा. पदवीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मी खालमानेने सांगितलं.

“ऐकलंत? तुमची मानसं,” काकू म्हणाल्या आणि बाटलीचं बूच फिरवू लागल्या.

काकांनी बाटलीवरचं नाव वाचलं. मग म्हणाले, “तीस वर्सं ह्याच औषधाची पिंपं भरली मी. तीस वर्सं तू माजे कपडे पोरांच्या कपड्यांत धुतले नाय, येगळी बादली ठेवलीस. आता तेच आपुन इकत आनायचं?”

काकूंचा हात थांबला. त्यांनी बूच पुन्हा घट्ट केलं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं वांग्यांपाशी बसले होते, मध्ये साबणाच्या पाण्याची वाटी. काका चष्मा नाकावर आणून एकेक किडा उजेडाला धरत. चकाकला तर मांडवावर, नाही तर वाटीत. “आवो, तो बी लव असलेलाच हाय,” काकू म्हणत. “असू दे, नीट बघू दे,” काका म्हणत. असं महिनाभर चाललं.

सातांतली दोन रोपं वाचली. एक वांगं चांगलं पोसलं, पण ते काकूंनी तोडलं नाही. बियांसाठी झाडावरच राहू दिलं. ते पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा मला दूरच्या गावी नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो तर काका त्या झाडापाशी उकिडवे बसून पानं उलटून बघत होते. उठले नाहीत. पानावरची नजर न काढता त्यांनी दुसरा हात वर केला. मी वाकून तो माझ्या डोक्याला लावून घेतला आणि निघालो.