मास्तरची सही
हात थरथरतो, सही जुळत नाही, म्हणून हयातीच्या दाखल्यावर परवा बँकेत माझा अंगठा घेतला. त्या शाईच्या वासानं सत्तरच्या दशकातलं साक्रीजवळचं खेडं आठवलं, जिथं मी शाळामास्तर होतो. निवडून गेल्यावर आमदार फिरकले नव्हते. त्यांनी वर्षातून एकदा गावात येऊन जाब द्यावा, असा अर्ज मीच वळणदार अक्षरात लिहिला. बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर उन्हात रांग लावून लोकांनी अंगठे दिले. सगळ्यांच्या अंगठ्यांवर नजर फिरवत शेवटच्या म्हातारीनं विचारलं, "मास्तर, बठ्ठासना अंगठा व्हयनात, तुमनी सही कोठे शे?" मी म्हणालो, "अक्का, माझी सरकारी नोकरी आहे." "बरं," म्हणत ती शाई लुगड्याला पुसत निघून गेली. अर्जाला उत्तर कधी आलं नाही. पेन्शन मात्र दर महिन्याला येते.