काकांच्या पायांतला पाहुणा

माझे काका नकली डोळे बनवतात. लोक काचेचा डोळा म्हणतात, पण त्यात काच नसते, प्लॅस्टिक असतं, आणि कुणी चुकून काच म्हणालं की काका त्याची दहा मिनिटं खातात. त्यांच्या खोलीत गिऱ्हाईक आणि काका समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. गिऱ्हाइकाच्या चांगल्या डोळ्यात बघत काका बारीक कुंचल्यानं बुबुळ रंगवतात. तास-दीड तास दोघांनी हलायचं नाही. धंदाच मुळी स्थिर बसण्याचा. म्हणून त्यांच्या पायांना जे झालं ते दुसऱ्या कुणाला व्हायला हवं होतं असं मला आजही वाटतं, आणि हे म्हणायची मला लाज वाटत नाही.

पाच वर्षांपूर्वी सुरू झालं. रात्री दहाला अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी चालायला लागायचं. दुखणं नव्हे, मुंग्याही नव्हेत. "हाडाच्या आतून कुणीतरी बोट फिरवतंय," काका म्हणाले. उठून चाललं की थांबायचं, पडलं की पुन्हा हजर. काकूनं त्याला 'पाहुणा' असं नाव ठेवलं. नेहमीच्या डॉक्टरांनी झोपण्याआधी अर्धी गोळी दिली, आणि पहिल्याच रात्री पाहुणा गायब! काका इतके घोरले की काकू उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

दीड वर्षानं तो परत आला. पण आता दहाऐवजी आठला. जेवता जेवता टेबलाखाली पाय चाळवायला लागायचे. डॉक्टरांनी अर्धीची एक केली. महिनाभर बरं, मग तो सहाला आला. एकाची दीड झाली. मग चारला. मला भीती वाटायची ती त्याच्या नेमकेपणाची. काकू घड्याळाकडे बघायची आणि आम्ही बोलणं थांबवायचो, जिन्यावर कुणाची चाहूल लागल्यासारखे. कपाटाच्या खणांत नमुन्याचे डोळे ओळीनं ठेवलेले असतात. तेही वाट बघताहेत असं वाटायचं.

काकांनी धंद्यातल्या कुणाला पत्ता लागू दिला नाही. गिऱ्हाइकांच्या वेळा तेवढ्या गुपचूप अलीकडे ओढल्या. संध्याकाळची बैठक दुपारी, दुपारची सकाळी. विचारलं की म्हणायचे, "सकाळच्या उजेडात रंग खरा दिसतो." ते खोटंही नव्हतं, म्हणून लोकांच्या गळी उतरलं.

मग एका सकाळी, अकरा वाजता, समोर एक निवृत्त बसचालक बसले होते. बुबुळ होत आलं होतं, डोळ्यातल्या बारीक लाल शिरा काढणं चालू होतं. काकांच्या उजव्या दंडात तेच बोट फिरलं. हात झटकला गेला आणि तपकिरी बुबुळावरून लाल रेघ गेली.

"काय झालं?" बसचालकांनी विचारलं.

"हातात आलाय तो," काका म्हणाले.

"कोण?"

काकांनी कुंचला धुऊन ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "पाय गेले तर चालेल गं," मला म्हणाले, "हात गेला तर मी कोण?"

माझं डोकं फिरलं. गोळ्याच बनावट असणार, या खात्रीनं मी औषधाच्या दुकानात भांडायला गेले. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, गोळ्या खऱ्या आहेत. पण तुम्ही अर्धीवरून अडीचवर आलात. दर वेळी महिनाभर बरं आणि मग आधीपेक्षा वाईट, बरोबर? हे कळणाऱ्या माणसाकडे जा. आणि तोवर मनानं बंद करू नका." मी आभार मानून परत आले. मला ते सहसा जमत नाही.

कळणारा माणूस शोधताना घाम निघाला. एकानं पायाच्या शिरा तपासल्या, दुसऱ्यानं मन रमवायला सांगितलं. शेवटी मोठ्या रुग्णालयात झोपेच्या आजारांचा विभाग सापडला. नंबर सात आठवड्यांनी. मी रोज नऊला फोन करून त्यांना इतकं पिडलं की तिसऱ्या आठवड्यात कुणाचीतरी रद्द झालेली वेळ त्यांनी माझ्या गळ्यात मारली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "वेळ कधीपासून अलीकडे येत गेली?" त्यांनी विचारलं. काकांना सांगता येईना. मग काकांनी पिशवीतली बैठकांच्या वेळांची वही काढली. बाईंनी ती डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवून पानं उलटली. गोळी वाढली की दोन महिन्यांत बैठका अलीकडे सरकलेल्या. दर वेळी.

"काका," त्या म्हणाल्या, "आता त्याला ही गोळीच आणतेय. आधी आराम देते, मग काहींच्या बाबतीत तीच त्रास लवकर आणि जास्त जागी पसरवते. तुमची चूक नाही."

काकूनं पर्समधली गोळ्यांची पट्टी दोन बोटांनी काढून टेबलावर ठेवली आणि हात पुसला. इतकी वर्षं तिनं रोज आठवणीनं ती दिली होती.

रक्तात लोहाचा साठा कमी निघाला. लोह, दुसरं औषध, आणि ही गोळी हळूहळू बंद. "बंद करताना काही दिवस फार वाईट जातील."

"हात?" काकांनी एवढंच विचारलं.

"सुटेल असं वाटतं. शब्द देत नाही."

गोळीचा शेवटचा तुकडा बंद झाल्यावर काका पाच रात्री अंथरुणाला टेकले नाहीत. मी वरच्या मजल्यावर राहते. खालून दोन माणसांची पावलं ऐकू यायची. दुसरी काकूची, हे माहीत असूनही मी उठून खात्री करून यायचे.

तीन आठवड्यांनी काकांनी बसचालकांना स्वतः फोन केला आणि मुद्दाम वेळ दिली दुपारी चारची. मला ते आवडलं नाही, मी बोलूनही दाखवलं. पावणेसहाला काकूची हाक आली. आवाज ओळखू येत नव्हता.

"खाली ये. ते हलत नाहीयेत."

मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. खोलीत दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. बसचालक ताठ, एकमेव डोळा उघडा. काकांची मान छातीवर पडलेली. मी त्यांच्या नाकापुढे हात धरला.

श्वास गरम होता.

"पाऊण तास झाला," बसचालक ओठ न हलवता कुजबुजले. "मी हललो तर जागे होतील."

टेबलावर बुबुळ पुरं झालं होतं, तपकिरी, स्वच्छ. काकू जमिनीवर बसली, काकांच्या पावलांकडे बघत राहिली आणि आवाज न करता रडली. बसचालक आणखी अर्धा तास तसेच बसून राहिले.